इवासे होणं

“धर, धर नीट! इवासे करू नकोस माझं!”

वृद्धाश्रमाच्या न्हाणीघरातल्या वाफेतून म्हाताऱ्याचा आवाज आला आणि बाकावर आपली पाळी येण्याची वाट बघत बसलेले तिघे बोळक्या तोंडांनी हसले. मी दाराशी मोजे हातात घेऊन उभा होतो. म्हाताऱ्याला दोन्ही हातांवर उचलून गरम पाण्यात उतरवणारा माणूस हसला नाही की चिडला नाही. “नाही करत, आजोबा. मान मागे टाका,” एवढंच म्हणाला.

आपल्याला उचलणारा माणूस म्हणजेच इवासे, हे त्या म्हाताऱ्याला कुणीतरी रोज सांगायचं आणि तो रोज विसरायचा.

आमच्या तोकिहामा गावात हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे. मासळीबाजारात हातातून परात निसटली, की इवासे झाला. हातातोंडाशी आलेली नोकरी एखाद्यानं मुलाखतीत घालवली, की इवासे केलं. बंदरावरच्या खानावळीत माझ्यासमोर एकदा एका बाईनं नवऱ्याला विचारलं होतं, “हा शब्द आपल्याकडचाच ना? आमच्या माहेरी कुणाला कळत नाही.” नवरा म्हणाला, “जुना शब्द आहे. आजोबांच्या वेळचा असेल.” ज्याच्या नावाचा हा शब्द, तो माणूस तिथून दोन बस-थांब्यांवर राहतो, असं सांगावंसं मला वाटलं. मी बिल मागितलं.

मी तोगाशी. गावच्या फुटबॉल क्लबच्या प्रसिद्धी विभागात काम करतो. त्याआधी पाच वर्षं मी इवासे-सानांच्या मागचा दुसरा गोलरक्षक होतो. दुसरा गोलरक्षक म्हणजे काय, हे दुसऱ्या कुठल्याही खेळाडूला कळायचं नाही. बाकीच्यांना दहा जागा असतात. थकले, बदलले, सरकले, की कुठेतरी फट पडते. आमची जागा एकच. ती रिकामी व्हायची तर समोरच्याचं काहीतरी मोडावं लागतं.

इवासे-सान टॉवेल पिळत बाहेर आले. चौपन्न वर्षांचा माणूस, पण खांदे अजून दारातून आडवे होऊनच यावेत असे. हाताची बोटं मात्र बघवत नाहीत. एकही सरळ नाही. वादळानंतरच्या कुंपणासारखी कोण कुठे, कोण कुठे.

“बोल, तोगाशी. कोण मेलं?”

“कुणी नाही.”

“मग क्लबचा माणूस माझ्याकडे कशाला येईल?”

मी हसलो. ते हसले नाहीत. आम्ही मागच्या अंगणात, वाळत घातलेल्या चादरींमध्ये जाऊन उभे राहिलो. मी पाठ करून आलेलं बोललो. क्लब व्यावसायिक झाला त्याला तीस वर्षं होतायत. इथली वाहिनी वर्षअखेरच्या संध्याकाळी दोन तासांचा कार्यक्रम करतेय. हायामाही तयार झालाय. हायामा म्हणजे त्या दिवशी गोल मारणारा, समोरच्या संघातला. आता तो टीव्हीवर लोकांना हसवतो आणि अख्ख्या देशाला ठाऊक आहे. त्याच मैदानावर, त्याच गोलपोस्टात, तोच फटका पुन्हा घ्यायचा.

“म्हणजे तो मारणार आणि मी सोडणार.”

“हो.”

“कितीदा?”

“एकदाच. नीट नाही आलं तर दोनदा.”

“येईल की नीट. त्या कामात मी पटाईत आहे, गावात कुणालाही विचार.”

त्यांनी एक चादर काढून घडी घालायला घेतली. मला वाटलं, नकार आला. क्लबमध्येही सगळ्यांनी नकारच धरला होता. मला पाठवलं ते औपचारिकता म्हणून.

“सत्त्याण्णवची उपांत्य फेरी आठवते?” त्यांनी विचारलं.

आठवत होती. मी बाकावर होतो, एकोणीस-वीस वर्षांचा. शेवटच्या मिनिटाला पेनल्टी. इवासे-सान उजवीकडे झेपावले, चेंडू मधेच दिशा बदलून वर चढला, आणि हवेत असतानाच त्यांनी डावा हात उलटा फिरवून तो आडव्या दांड्यावरून बाहेर घालवला. असा बचाव मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

“ते चित्रीकरण वाहिनीकडे असेल. ते दाखवायचं. त्याच कार्यक्रमात. मग मी येतो.”

“मी प्रत काढून घरी आणून देऊ का? वहिनींना...”

“घरी नको.” चादरीचं दुसरं टोक त्यांनी माझ्या हातात दिलं. “फुमिए पंधरा वर्षांत एकदाच मैदानावर आली. कुठल्या दिवशी, ते तुला माहीतच आहे. पेनल्टीच्या दिवशी ती तिच्या आईला पोचवायला गेली होती. म्हणजे बायकोनं माझा एकच चेंडू बघितलाय. आणि तो तिला गेली बावीस वर्षं दरवर्षी टीव्हीवर दाखवतात. तर दुसराही टीव्हीवरच दिसू दे. सगळ्यांना दिसतो तसा.”

मी शब्द दिला. त्या वेळी तो खराही होता.

आता तो दिवस सांगायला हवा. २००१ चा नोव्हेंबर, मोसमातला शेवटचा सामना. बरोबरी झाली असती तरी आम्ही पहिल्या श्रेणीत राहत होतो. एकोणनव्वदावं मिनिट, एक-एक, बर्फ होता होता राहिलेला पाऊस. हायामानं तीस मीटरवरून फटका मारला. फटका तरी कशाला म्हणायचा, पाय झटकला म्हणा. चेंडू ओल्या हिरवळीवरून घसरत आला, इवासे-सान खाली गेले, आणि तो त्यांच्या पोटाखालून आत गेला. हळूहळू, वाट विचारत गेल्यासारखा. आम्ही खालच्या श्रेणीत फेकले गेलो आणि वर यायला नऊ वर्षं लागली.

हे सगळ्या गावाला माहीत आहे. माहीत नाही ते असं.

त्याआधीच्या गुरुवारी, सराव संपल्यावर मी न्हाणीघरात गेलो, तर इवासे-सान भिंतीकडे तोंड करून उभे होते. उजव्या हाताचं मधलं बोट जांभळं पडून वांग्याएवढं झालं होतं. दातांत पट्टी धरून ते त्याला शेजारच्या बोटाशी बांधत होते.

“बघितलंस?”

“हो.”

“प्रशिक्षकांना सांगणार?”

मी नळ सोडला.

“सांगितलंस तर रविवारी तू उभा राहशील,” ते म्हणाले. “विचार कर. चोवीस वर्षांचा आहेस. हरलो तर हे गाव तुझं नाव मरेपर्यंत चघळेल.”

ते मला वाचवत होते की स्वतःची जागा राखत होते, हे मला आजतागायत कळलेलं नाही. बहुधा दोन्ही. असे ते होतेच. पहिल्याच वर्षी त्यांनी मला सांगितलं होतं, “माझी जागा हवी असेल तर माझा हात मोड. मागून मिळायची नाही.” रोज सराव संपला की तासभर मला चिखलात लोळवायचे, एकेक चेंडू मारत, आणि सुटला की म्हणायचे, “वा, आईला पत्र लिही, म्हणावं मला परत घेऊन जा.” पण मला जे काही येतं ते त्या तासात आलं.

तर ते का गप्प राहिले हे मला ठाऊक नाही. मी का गप्प राहिलो, ते पक्कं ठाऊक आहे. चेंडू सुटावा, असं मला वाटत होतं. पुढच्या मोसमात ती जागा माझी व्हावी, असं वाटत होतं. इतकं मोठं काही कोसळेल असं मनात नव्हतं, एखादा गोल, एखादी चूक, बस. रविवारी बाकावरून मी स्पष्ट पाहिलं. त्यांचा हात चेंडूपर्यंत पोचला होता. वेळेवर पोचला होता. चेंडू बोटांवर आदळला, मधलं बोट मागे वळलं आणि हात सोलल्यासारखा बाजूला झाला. मगच तो पोटाखाली शिरला. शंभर वेळा टीव्हीवर दाखवतात, पण पाठीमागून. पाठीमागून बोट दिसत नाही.

दोन दिवसांनी क्लबनं त्यांना बोलावून कराराचं नूतनीकरण होणार नाही असं सांगितलं. सहा मिनिटांत ते बाहेर आले. कपाट रिकामं केलं, मैदानाकडे वळून कमरेत वाकून नमस्कार केला आणि गेले. तीनशे चार सामने. निरोपाचा एकही नाही.

त्या आठवड्यात कुणीतरी त्यांच्या फाटकाला कोन्न्याकूच्या वड्यांची पिशवी अडकवली. थंड, बुळबुळीत, हातात न ठरणाऱ्या वड्या. टोमणा कळायला वेळ लागायचं कारण नव्हतं. दुसऱ्या दिवशी आणखी तीन पिशव्या. फुमिए-वहिनींनी त्या आत नेल्या, मिसो घालून शिजवल्या आणि वाढल्या. शेजारणीनं विचारलं तेव्हा म्हणाल्या, “ताज्या आहेत. टाकायच्या कशाला?” महिनाभर येत राहिल्या आणि महिनाभर त्या दोघांनी खाल्ल्या. मुलगी शाळेत जायची थांबली, मग मावशीकडे नागोयाला गेली आणि तिथलीच झाली. इवासे-सानांनी गाव सोडलं नाही. लोक म्हणायचे, काय पण निगरगट्ट.

बोटाबद्दल त्यांनी कधी, कुणाजवळ, चकार शब्द काढला नाही.

आणि जागा मला मिळाली. दुसऱ्या श्रेणीत दोन मोसम उभा राहिलो. तिसऱ्यात मलाही सहा मिनिटांसाठी आत बोलावलं.

चित्रीकरण डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी दहाला होतं. वाहिनीच्या दिग्दर्शिका कुझुमाकी-सान वयानं तिशीतल्या, हुशार आणि अतिशय नम्र. त्यांनी नळी लावून गोलपुढची हिरवळ भिजवून घेतली होती, पाऊस वाटावा म्हणून. मी पोचताच त्यांनी मला बाजूला घेतलं.

“तोगाशी-सान, फार फार माफी. त्या पेनल्टीचा भाग काढावा लागला.”

“काढावा म्हणजे?”

“वेळेत बसत नाही. आणि खरं सांगू? तो दाखवला की गंमत जाते. माणूस चांगला गोलरक्षक होता म्हटल्यावर लोक हसायचे थांबतात. तुम्ही सांगाल ना त्यांना? आधी किंवा नंतर, तुमच्या सोयीनं.”

मी मान हलवली. कसली मान हलवली, होय की नाही, ते त्यांनीच काय ते ठरवावं.

इवासे-सान बदलून बाहेर आले. क्लबनं जुन्या रंगाचा नवा पोशाख शिवून घेतला होता. तो पोटावर ताणला गेला होता. कडेच्या रेषेपाशी मी उभा होतो तिथे ते आले आणि हातमोज्यांचे पट्टे आवळत म्हणाले, “पेनल्टी कुठे घेतलीये? सुरुवातीला की शेवटी?”

“शेवटी,” मी म्हणालो.

त्यांनीच मला शिकवलं होतं: पेनल्टी मारणाऱ्याच्या डोळ्यांत बघू नकोस, डोळे शिकवलेलं बोलतात. कंबर बघ, पाऊल बघ. माझ्या तोंडाकडे त्यांनी पाहिलंच नाही. खाली पाहिलं. माझी पावलं गाडीच्या दिशेनं वळलेली होती.

“बरं,” ते म्हणाले. मग मोज्यांचे पट्टे सोडून त्यांनी पुन्हा बांधले, या वेळी दातांनी ओढून, घट्ट.

आधी मुलाखत. कुझुमाकी-सान गोड आवाजात म्हणाल्या, “त्या दिवशी नेमकं काय झालं?”

“चेंडू आला. मी खाली गेलो. मी पोचायच्या आत तो पोचला.”

“काही कारण? पाऊस? ताण? काही दुखापत वगैरे?”

मी पाण्याच्या बाटल्या एका ओळीत लावत होतो. चार होत्या.

“नाही,” इवासे-सान म्हणाले. “सोपा चेंडू होता.”

हायामा धावतच आला, सगळ्यांच्या पाठीवर थापा मारत. “इवासे-सान! माझं घर तुमच्या पोटाखालून उभं राहिलंय, माहितीये ना!” सगळे खो-खो हसले. इवासे-सान म्हणाले, “पाया पक्का आहे ना पण?” त्यावर आणखी हसले. मग हसणं चालू असतानाच ते हायामाच्या जवळ गेले आणि हळू आवाजात म्हणाले, “नीट मार. तेव्हा मारला होतास, त्यापेक्षा नीट.” हायामाला ते ऐकू आलं. त्यानं भुवया उंचावल्या आणि चेंडू दोन पावलं मागे घेतला.

इवासे-सान गोलात गेले. डाव्या खांबाला पाय लावला, उजव्या खांबाला लावला, मधोमध आले. गुडघे वाकवले, टाचा जमिनीवरून सुटल्या. उभं राहण्याची ही पद्धत नाटकातली नसते. डॉक्टरांनी दोन्ही गुडघे उघडून बंद केलेला, चौपन्न वर्षांचा माणूस खरोखर उभा होता. तो चेंडू ते अडवणार होते. कॅमेऱ्यांसमोर, सगळ्या गावासमोर, त्यांना तो अडवायचा होता.

‘अडवा,’ मी मनात म्हणालो. बाकावर बसून पाच वर्षांत जे एकदाही मनापासून म्हटलं नव्हतं, ते.

हायामानं मारला. चांगला मारला. चेंडू खाली राहिला, ओल्यावर घसरला, शेवटच्या दोन मीटरमध्ये एक उसळी. इवासे-सान डावीकडे झेपावले, पूर्ण लांबीनं, हात सर्वांत पुढे. सत्त्याण्णव साली ते तिथे अर्धा क्षण आधी असते. दोन हजार एक साली वेळेवर असते. आता चेंडू आधी पोचला आणि त्यांच्या पोटाखालून, तसाच, वाट विचारत गेल्यासारखा, जाळ्यात गेला.

“कट!” कुझुमाकी-सान टाळ्या वाजवत ओरडल्या. “एकाच टेकमध्ये! काय केलंत हो! अगदी तसंच! तो चेहरा, तो चेहरा घेतला ना रे?”

सगळे टाळ्या वाजवत होते. हायामा तेवढा थबकला. शेवटी तोही खेळाडूच. त्याचं हसू ओठांवरून उतरलं, त्यानं गोलाकडे एक पाऊल टाकलं. तेवढ्यात कॅमेरा आपल्याकडे वळतोय हे त्याला दिसलं आणि त्यानं दोन्ही हात हवेत फेकून पळायला सुरुवात केली, त्या दिवशी पळाला होता तसा.

इवासे-सान उठले नव्हते. गुडघ्यांवर, जाळ्याकडे तोंड करून बसले होते.

“तोगाशी-सान, तुम्हीही गोलरक्षक होता ना?” कुझुमाकी-सान माझ्याकडे वळल्या. मागोमाग एक छोटा कॅमेराही वळला. “जाणकार म्हणून सांगा, अभिनय कसा झाला?”

तो अभिनय नव्हता, असं मला सांगता आलं असतं. त्या माणसानं आता जीव तोडून उडी मारली, आणि बावीस वर्षांपूर्वी मोडक्या बोटानं मारली होती, असंही सांगता आलं असतं. पंधरा-वीस माणसं माझ्याकडे बघत होती. जाळ्याकडे तोंड केलेली ती रुंद पाठ हलली नाही, पण ती ऐकत होती.

“उत्तम,” मी म्हणालो. “अगदी खरा वाटला.”

पुन्हा टाळ्या झाल्या.

अर्ध्या तासात तारा गुंडाळल्या गेल्या, गाड्या भरल्या गेल्या. हायामाला विमान गाठायचं होतं. मी इवासे-सानांचा कोट घेऊन गोलाकडे गेलो. त्यांनी हातमोजे काढले होते.

“डावा पाय,” ते म्हणाले.

“हो. अर्धं पाऊल उशिरा निघाला.”

“अर्धं नाही. पाऊण.”

मी कोट पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. म्हणाले, “फुमिएनं तिच्या दोन्ही बहिणींना बोलावलंय एकतीस तारखेला. तांदळाचे केक करणार आहे. पेनल्टी बघायला.”

“इवासे-सान, ते पेनल्टीचं...”

“राहू दे,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तो असता तर बरं झालं असतं. “तू नको बोलूस. तुला जमत नाही ते.”

ते जिथे झेपावले होते तिथे, ओल्या हिरवळीत, हातभर लांब ओरखडा पडला होता. डाव्या पायाच्या रेट्यानं दोन-तीन तुकडे मुळासकट उपटून बाजूला पडले होते. अभिनय करणारा माणूस हिरवळ उपटत नाही. पण तिकडे बघायला आता कुणी उरलंच नव्हतं.

इवासे-सान एक हात जमिनीला टेकून, दुखऱ्या गुडघ्यांवर सावकाश खाली बसले. एक तुकडा उचलला, त्याची माती झटकली, कुठल्या खड्ड्यातला आहे ते फिरवून पाहिलं आणि जागेवर बसवून त्या वाकड्या बोटांनी कडा दाबायला लागले.

“राहू द्या हो,” मैदानाचा माळी लांबून ओरडला. “आम्ही करतो दुपारी!”

त्यांनी ऐकलं नाही. उठून टाचेनं तुकडा दाबला, एकदा, दोनदा, आणि सरकतो का ते पाहिलं. सरकत नव्हता. मग ते पुन्हा खाली बसले, कारण शेजारचा अजून बसवायचा होता.